जुनी कॅरव्हॅन दुरुस्त करून घ्यायची, तर आधी पाणी शोधा

कागल तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या आजोबांनी बेळगाव सोडून निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाकडून गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन घेतली होती. ती शेतातल्या शेडमध्ये तीसेक वर्षं उभी आहे. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकूड, छताच्या मधोमध उंचवटा आणि त्याला दोन्ही बाजूंनी बारक्या काचा. आता ती पुन्हा नीट करून घ्यायची आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत : पत्रा पॉलिश करायचा की रंगवायचा, कोल्हापुरात हे काम कोण करेल, खर्च किती येईल आणि ती रस्त्यावर नेता येईल का.

दादा, चारही प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलावा लागेल. पॉलिश की रंग हे सगळ्यात शेवटी ठरतं. सगळ्यात आधी शोधायचं ते हे, की पाणी कुठून आत येतंय. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दाराशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर प्लायला तपकिरी ओघळ दिसतोय. माझी नजर तिथेच अडकली. पत्र्याचे पोचे, फुटलेली काच, गंजलेलं चाक या गोष्टी डोळ्यांना टोचतात, पण त्यांनी कॅरव्हॅन मरत नाही. ती पाण्याने मरते, आणि तेही आतून.

मी उद्यमनगरात बत्तीस वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करतोय. बहुतेक काम टेम्पो, बस आणि जुन्या मोटारींचं. पहिली कॅरव्हॅन आली तेव्हा मीही तुमच्यासारखाच पत्र्यापासून सुरू केलं होतं. मालकाला दिवाळीपर्यंत ती बागेत उभी करायची होती. आम्ही पोचे काढले, सांधे सिलिकॉनने भरले, छान क्रीम आणि हिरवा रंग मारला. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या श्रावणात मालकांचा फोन आला, की पलंगाखाली पाय ठेवला तर जमीन आत गेली. आतल्या अस्तराखाली लाकडाचा भुगा झाला होता, आणि आम्ही मारलेल्या रंगाने तो झाकला होता. ते सगळं मी माझ्या खर्चाने परत उघडलं. तेव्हापासून एकही डबा (आमच्याकडे कॅरव्हॅनला सगळे डबाच म्हणतात) पाण्याचा माग काढल्याशिवाय हातात घेतला नाही.

या डब्यांची रचना समजून घ्या म्हणजे कारण कळेल. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅन बनवायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक दशकं इंग्लंडमधल्या कॅरव्हॅनची पद्धत साधारण एकच राहिली : खाली लोखंडी चॅसिस, त्यावर लाकडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून हार्डबोर्ड किंवा पातळ प्लाय. पत्रा नुसता पांघरूण असतो, वजन पेलतं ते लाकूड. अमेरिकन एअरस्ट्रीम कॅरव्हॅनचं तंत्र वेगळं आहे. तिथे विमानासारखा रिव्हेट केलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पत्रा मिळून भार घेतात. तुमची पहिल्या जातीची आहे. छतावरचा तो काचांचा उंचवटा इंग्लिश कॅरव्हॅनची जुनी खूण आहे, आणि गळतीची सगळ्यात आवडती जागाही तीच.

पाणी शिरतं वर, दिसतं खाली. छत आणि भिंत जिथे भेटतात त्या पट्टीतून, खिडकीच्या वरच्या कडेतून, छतावरच्या झरोक्याच्या चौकटीतून थेंब आत येतो, लाकडाच्या उभ्या पट्टीवरून सरकत खाली जमिनीच्या कोपऱ्यात साठतो. म्हणून डाग जिथे आहे तिथे भोक शोधू नका, त्याच्या सरळ वर छतापर्यंत बघत जा. चपला शिवणारे वापरतात तशी आरी घ्या आणि जमिनीच्या कडा, चाकांवरची कमान, दाराचा उंबरठा आणि चारही कोपरे टोचत फिरा. चांगलं लाकूड आरीला अडवतं, कुजलेलं गिळतं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकली की कुजवणारी बुरशी वाढते. मात्र पावसाळ्यात मोजू नका, आपल्या हवेत तेव्हा चांगलं लाकूडही ओलसर दाखवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजलेला आकडा खरा. वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर आधी त्याचा बंदोबस्त करा. तीस वर्षं शेतात उभ्या असलेल्या लाकडाला वाळवी लागली नसेल तर ते तुमचं नशीब.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ती ट्रॅक्टरला जोडून ओढत आणू नका. टायर वरून गोल दिसले तरी रबर मेलेलं असतं, बेअरिंगमधलं ग्रीस दगड झालेलं असतं, आणि चॅसिसला जिथे चिखल चिकटून राहिला तिथे पत्र्याइतकीच जाडी उरलेली असू शकते. सपाट ट्रकवर चढवून आणा. चढवण्यापूर्वी आतलं सुटं सामान, दारं आणि काचा काढून प्रत्येकाला नंबर लावा. आणि काहीही, अगदी काहीही फेकू नका. कुजलेली फळीसुद्धा नव्या फळीचा नमुना असते. माझ्याकडे आलेल्या एका डब्यातला पलंग मालकाने "कुजलाय" म्हणून जाळून टाकला होता. त्याचे बिजागरे, बसण्याची उंची, खालच्या कप्प्याची रचना, सगळं आम्हाला अंदाजाने करावं लागलं, आणि ते कधीच मूळसारखं झालं नाही.

उघडताना फोटो काढा, प्रत्येक थराचे. मोजपट्टी फोटोत दिसली पाहिजे. एक सावधगिरी : चुलीमागचे राखाडी कडक बोर्ड आणि ब्रेकची लायनिंग यांत त्या काळी ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. ते करवतीने कापू नका, ब्रेकचा ड्रम कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करू नका. ओलं करून, मास्क लावून, अख्खं काढून पिशवीत बांधा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासायचा नाही, पाणी लावून घासायचा. पोरं आसपास खेळत असतील तर त्या दिवशी त्यांना लांब ठेवा.

कोल्हापुरात कोण करेल? एकटा कुणी नाही, आणि तसा कुणी "सगळं मीच करतो" म्हणाला तर सावध व्हा. या कामाला चार हात लागतात : सुतार, पत्राकाम करणारा, टर्नर-फिटर आणि इलेक्ट्रिशियन. वर त्यांना सांभाळणारा एक माणूस लागतो, कारण एकाचं काम दुसऱ्याच्या आधी झालं तर दोन्ही वाया जातात. ही माणसं आपल्याकडे आहेत, आणि चांगली आहेत. सुतार शोधताना फर्निचरवाला नको, ट्रकच्या लाकडी बॉडीचं काम केलेला बघा. त्याला हलणाऱ्या लाकडाची समज असते. घरातलं कपाट जागेवर उभं राहतं, डब्याचा प्रत्येक सांधा रस्त्यावर पिळला जातो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला माणूस मिळाला तर सोनं. लाल परीच्या ॲल्युमिनियम बॉड्यांवर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना रिव्हेटचा हात असतो. भरीव रिव्हेट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. म्हणजे आतलं अस्तर लावण्यापूर्वी पत्रा पूर्ण झालेला हवा. हे साधं वाटतं, पण सुताराने घाईने आतून प्लाय मारलं आणि मग पॉप रिव्हेटवर भागवावं लागलं, असं मी पाहिलंय. पॉप रिव्हेट पोकळ असतो, त्याच्या मधल्या भोकातूनही पाणी येतं.

लाकडाचं सांगतो. मूळ सांगाडा बहुधा ॲशचा असेल. ते लाकूड आपल्याकडे मिळत नाही, आणि मिळवायचा अट्टहास करू नका. जुनं, मुरलेलं सागवान घ्या. वजनाला साधारण ॲशइतकंच आणि ओलीला त्याच्यापेक्षा कितीतरी टणक. जुन्या वाड्यांच्या तुळया निघतात त्यातलं मिळालं तर फारच छान, फक्त आत राहिलेले खिळे शोधून काढा. सगळा सांगाडा बदलू नका. कुजलेला भाग कापून तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडायचा, आणि त्या सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या सात-आठ पट ठेवायची. जमिनीला मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० छापलेलाच, आणि त्याच्या चारही कडांना बसवण्यापूर्वी इपॉक्सी. प्लाय पाणी पितं ते कडेने. आतल्या गोलाईला जुना हार्डबोर्ड फुगलेला असेल तर तो सरळ होत नाही, तिथे वाकणारं पातळ प्लाय वापरा.

पत्र्याचे पोचे काढताना नरम करावा लागला तर जुन्या लोकांची खूण लक्षात ठेवा : पत्र्यावर साधा साबण घासायचा, ज्योत हलती ठेवायची, साबण काळपट झाला की थांबायचं. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ गळून पडतं. आणि लोखंडी स्क्रू पुन्हा घालू नका. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र ओले झाले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रूभोवती दिसणारी पांढरी पावडर तीच. स्टेनलेस वापरा, खाली सीलंटचा थर द्या. सांध्यांना ब्यूटाइलची, म्हणजे रबरासारखी चिकट टेप किंवा न सुकणारं मॅस्टिक लावा, सिलिकॉन कधीही नाही. सिलिकॉन लागलेल्या जागी पुन्हा ना रंग बसतो ना दुसरं सीलंट, आणि पुढच्या कारागिराला तुम्ही शिव्याच ठेवून जाता.

खिडक्यांचे खटके, दाराची मूठ, हबची टोपी हे सुटे भाग बाहेर शोधत लोक महिने घालवतात, इंग्लंडहून मागवतात, आणि आलेला भाग बसत नाही. कोल्हापूरकराने हे करावं याचं मला वाईट वाटतं. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून देशभर ओतकाम जातं. खिडकीचा खटका आपल्याला जड नाही. पण एक गोष्ट फाउंड्रीत गेल्यावर आठवणीने सांगा. मूळ भाग तसाच वाळूत दाबून साचा केला तर येणारा भाग लहान येतो, कारण धातू गार होताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के, पितळ दीड टक्का. दहा सेंटिमीटरच्या खटक्यात तो फरक दीड मिलिमीटरच्या जवळ जातो, आणि तेवढ्याने जीभ खाचेत बसत नाही. म्हणून पॅटर्न मेकरकडून आकसण्याची सूट धरून लाकडी पॅटर्न करून घ्या. एकच भाग हवा असेल तर मूळ भागावर पुटीचा पातळ थर चढवूनही भागतं. भोकं ओतू नका, नंतर पाडा. बरेचसे जुने खटके जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ते वयाने ठिसूळ होऊन फुगतात, त्यांच्यावर वेल्डिंग धरत नाही. ते पितळेत ओतून वर क्रोम प्लेटिंग करून घ्या, मूळपेक्षा जास्त टिकतील. मोठ्या फाउंड्री एक-दोन नग घेत नाहीत. छोट्या ओतकामवाल्याकडे जा, त्याची भट्टी पेटेल त्या दिवशी तो तुमचा साचा लावून देईल.

चाकं आणि आस. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. उसाच्या ट्रॉलीचा आस स्वस्तात आणि पटकन मिळतो, म्हणून फिटर तोच सुचवतो. तो आस आणि ते पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) कित्येक टन उसासाठी असतात, तुमचा डबा टनभराच्या आतबाहेर. इतक्या हलक्या वजनाखाली ते पाटे वाकतच नाहीत, रस्त्याचा प्रत्येक खड्डा सरळ लाकडी सांध्यांना जातो, आणि दोन-चार फेऱ्यांत रिव्हेट ढिले पडतात. मूळ आस वाचवा. पाट्यांचा बाक गेला असेल तर पाटेवाला त्यांना पुन्हा आकार देतो. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून शाहूपुरीत विचारा, मापं मिळून जातात. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर न वापरताही म्हातारा होतो.

जोडणीचा गोळा ही बारीक दिसणारी, जिवावर बेतणारी बाब आहे. जुन्या इंग्लिश कॅरव्हॅनची पकड दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरच्या गोळ्यासाठी असते. आता मिळणारे बरेच गोळे ५० मिलिमीटरचे. बसल्यासारखं वाटतं, पण ते ढिलं असतं. पकड आणि गोळा दोन्ही एकाच मापाचे घ्या, आणि सुटलीच तर धरून ठेवायला साखळी लावा.

आता माझ्या पद्धतीतली सगळ्यात आवडती पायरी. पत्रा, खिडक्या, सांधे पूर्ण झाले की आतलं अस्तर न लावता डबा पावसात उभा करायचा. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस फुकट मिळतो, त्याच्यासारखा तपासनीस नाही. आत टॉर्च घेऊन बसायचं. लाकूड उघडं असल्याने थेंब कुठून सुटला ते डोळ्यांनी दिसतं, तिथे खडूने खूण करायची. पावसाची वाट बघायला वेळ नसेल तर दार-झरोके बंद करून एका खिडकीतून ब्लोअरने हलकी हवा आत भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. पंक्चरवाला ट्यूब तपासतो त्यातलाच प्रकार. मोठ्या दाबाने पाण्याचा फवारा मारू नका, तो चांगला सांधाही उघडतो.

वायरिंग सगळं नवीन. जुन्या वायरींवरचं रबर बोटाने चुरतं, उरलेलं उंदरांनी खाल्लेलं असतं. बाहेरून २३० व्होल्टची जोडणी घेणार असाल तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. धातूच्या डब्यात ओल्या पायाने उभं राहणाऱ्या माणसासाठी याला पर्याय नाही. गॅसचा जुना रेग्युलेटर, नळ्या, गॅसचे दिवे शोभेला ठेवा, पेटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी. झोपताना सिलिंडर बंद. माझं मत विचाराल तर चूल बाहेर मांडा, शेतात जागेला तोटा नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही, आणि न उघडता आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नका. तो एकतर भरपूर वाढवून सांगेल किंवा मध्येच सोडून जाईल. काम तीन टप्प्यांत ठरवा. पहिला टप्पा फक्त उघडण्याचा, रोजंदारीवर. त्यानंतर सगळ्यांनी मिळून कुजलेलं, वाचणारं आणि बदलायचं यांची यादी करायची, आणि मगच चॅसिस-सांगाडा-पत्र्याचा दर ठरवायचा. तिसरा टप्पा आतल्या सजावटीचा. पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर, आणि पावसाच्या परीक्षेनंतर द्यायची एक रक्कम हातात राखून ठेवा. चांगला कारागीर या अटीला नाराज होत नाही. वेळ धराल तर एक पूर्ण वर्ष धरा, म्हणजे मध्ये एक पावसाळा येतो.

रस्त्याचं. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, म्हणून आजोबांच्या कागदांत जुनं नोंदणीपुस्तक आहे का ते आजच शोधा. पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणीची सोय दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी आहे, ट्रेलर त्यात बसत नाही. वजनही महत्त्वाचं, कारण ७५० किलोपर्यंतचे ट्रेलर एका वर्गात आणि त्यावरचे साडेतीन टनांपर्यंतचे दुसऱ्या वर्गात येतात. साखर कारखान्याच्या काट्यावर एकदा रिकामा आणि एकदा सामानासह तोलून घ्या. इंग्लंडमध्ये नवख्यांना सांगतात, की भरलेली कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर नको, आणि तिच्या वजनाचा पाच ते सात टक्के भार पुढच्या गोळ्यावर हवा. मागे जड झाली तर ती वेगात शेपटासारखी हेलकावे खाते. कागद निघाले तरी पहिलं वर्ष गगनबावडा किंवा आंबा घाटाचं नाव काढू नका. कागद निघालेच नाहीत तर ती शेतात जॅकवर उभी करून पाहुण्यांची खोली म्हणून वापरा. भाड्याने द्यायचा विचार असेल तर राज्य सरकारचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, पर्यटन संचालनालयात चौकशी करून मगच आतली सजावट ठरवा.

आणि आता तुमचा पहिला प्रश्न. रंगवा. चकचकीत उघडा पत्रा एअरस्ट्रीमला शोभतो, तुमची मूळची रंगवलेलीच होती, फोटोत खिडकीच्या रबराखाली क्रीम रंगाची कड दिसते. ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड चालत नाही, ते लोखंडासाठी. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲल्युमिनियमला पकड घेणारा अस्तर-रंग, मग रंग, नाहीतर वर्षभरात पापुद्रे सुटतील. दाराच्या आतल्या बाजूला, कुलपाखाली, तळहाताएवढा मूळ रंग न घासता राखून ठेवा आणि तिथे ब्रश लावायचा नाही हे रंगाऱ्याला आधीच सांगा. नवा रंग त्याच तुकड्याशी जुळवून घ्या.